घामाघूम घोडा आणि पाण्याची बादली

अजिंठ्याची लेणी पाहायला तुमच्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. लेण्यांकडे वळण्याआधी जे गाव लागते ते फर्दापूर. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या सोयगाव तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. एका बाजूला खानदेशचा सखल मुलूख, दुसऱ्या बाजूला घाट. घाट चढून गेले की अजिंठा गाव आणि दख्खनचे पठार. बऱ्हाणपूरहून औरंगाबादेकडे जाणारी जुनी वाट याच घाटाने जात असे. म्हणून मोगल काळात फर्दापूरला वाटसरूंसाठी सराई बांधली गेली. सराई म्हणजे माणसांची आणि त्यांच्या जनावरांची मुक्कामाची जागा.

या वाटेवरून किती घोडे गेले असतील याची गणती नाही. असईच्या लढाईनंतर, ऑक्टोबर १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीची फौज घाट उतरून फर्दापूरला आली होती. २८ एप्रिल १८१९ या दिवशी जॉन स्मिथ नावाचा घोडदळातील एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या डोंगरात आला. रानात दडलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली आणि दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ते नाव सर्वांना माहीत आहे. पण तारखेकडे जरा नीट पाहा. एप्रिलची अखेर! फर्दापूरच्या परिसरात त्या दिवसांत पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो. अशा उन्हात दौड करून आलेल्या घोड्याचे काय होत असेल?

आपण कल्पना करू. तुम्ही सराईच्या दाराशी उभे आहात. भर दुपारी खानदेशच्या बाजूने एक स्वार येतो आणि खाली उतरतो. घोड्याच्या नाकपुड्या फुगल्या आहेत, बरगड्या भात्यासारख्या हलत आहेत. मानेवर, लगामाच्या वादीखाली आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस साचला आहे. पोटाखालून घामाचे थेंब टपटप गळत आहेत. स्वार लगाम तुमच्या हाती देतो. आता तुम्ही काय कराल? त्याच्या अंगावर गार पाणी ओताल? प्यायला पाणी द्याल? की सावलीत बांधून चंदीचा तोबरा तोंडाला लावाल?

जुने मोतद्दार म्हणजे घोड्याची चाकरी करणारे लोक. त्यांचे काही ठाम नियम असत. तापलेल्या घोड्यावर गार पाणी घालू नये, त्याचे अंग जखडते. घाम वाळेपर्यंत त्याला पाणी पाजू नये, पोट दुखते. दाणा तर लगेच मुळीच देऊ नये. त्याला हळूहळू फिरवावे आणि मग खरारा करावा. हे नियम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांतले काही विज्ञानाच्या कसोटीला उतरले आहेत, तर काही चुकीचे ठरले आहेत. आणि चुकीचा नियम पाळला तर घोड्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा आपण एकेक नियम तपासून पाहू. पण त्याआधी घोडा तापतो का, हे समजून घ्यायला हवे.

एवढी उष्णता येते कोठून?

स्नायू हे एक प्रकारचे इंजिनच आहे. अन्नातील ऊर्जा वापरून ते काम करते. पण कोणतेही इंजिन सगळ्या ऊर्जेचे कामात रूपांतर करू शकत नाही. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश भाग चालण्या-धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते.

आता थोडे गणित करू. आपल्याकडचे बरेच घोडे लहान चणीचे असतात. समजा, आपल्या घोड्याचे वजन ३०० किलोग्रॅम आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे तुम्ही शिकला आहात. प्राण्याच्या शरीराला त्याहून थोडी कमी, म्हणजे किलोग्रॅममागे सुमारे ०.८३ किलोकॅलरी पुरते. म्हणजे सबंध घोडा एक अंशाने तापायला ३०० × ०.८३, म्हणजे सुमारे २५० किलोकॅलरी लागतील. बेताच्या दौडीतही असा घोडा मिनिटाला ७०-८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. ती बाहेर गेलीच नाही, तर दर तीन-चार मिनिटांना त्याचे तापमान एक अंशाने चढेल! घोड्याचे विश्रांतीतील तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असते. या हिशेबाने पंधरा मिनिटांत तो ४२ अंशांपाशी पोचेल, आणि एवढा ताप जीवघेणा असतो. घोडा तासन्‌तास चालू शकतो याचा अर्थ असा, की उष्णता बाहेर टाकण्याची उत्तम व्यवस्था त्याच्यापाशी आहे.

तरीही एक अडचण उरतेच. ती आहे त्याच्या आकाराची. घरी एक प्रयोग करून पाहा. एकाच भांड्यातले गरम पाणी एका लहान वाटीत आणि एका मोठ्या पातेल्यात भरा. पंधरा मिनिटांनी दोन्हींत बोट बुडवून पाहा. वाटीतले पाणी कोमट झालेले असेल, पण पातेल्यातले अजून गरमच असेल. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते आणि वस्तू मोठी होत जाते तसा वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग कमी होत जातो. चाळीस किलोग्रॅम वजनाच्या मुलाला दर किलोग्रॅममागे जेवढी त्वचा असते, त्याच्या जवळजवळ निम्मीच ३०० किलोग्रॅमच्या घोड्याला असते. म्हणजे दौडीनंतर तुम्ही सावलीत बसून जितक्या लवकर निवाल, तितक्या लवकर घोडा निवणार नाही. तो पातेल्यासारखा आहे.

घामाची करामत

कुत्रा तापला की जीभ बाहेर काढून धापा टाकतो. म्हैस डबक्यात जाऊन बसते. अंगभर भरपूर घाम गाळून शरीर थंड ठेवणारे प्राणी मात्र थोडे आहेत. त्यांत माणूस आणि घोडा अग्रभागी आहेत. मोठ्या चणीचा घोडा भर उन्हात जोराचे काम करत असेल, तर तासाला दहा ते पंधरा लिटर घाम गाळतो. घागरभर घाम, एका तासात!

घामाने अंग थंड होते ते त्याचे बाष्पीभवन होते म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते त्वचेकडून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेते. आपल्या घोड्याचे तापमान एक अंशाने उतरवायला २५० किलोकॅलरी काढून न्यायला हव्यात, हे आपण वर पाहिले. म्हणजे एक लिटर घाम जर सगळाच्या सगळा अंगावर वाळला, तर घोडा दोन अंशांहून अधिक थंड होऊ शकतो. मात्र ‘अंगावर वाळला तर’ ही अट महत्त्वाची आहे. जो घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळून जातो, तो फारशी उष्णता नेत नाही. तो जवळजवळ वायाच जातो. फर्दापूरच्या कोरड्या एप्रिलमध्ये घाम झपाट्याने वाळतो. पण पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट असते, तेव्हा घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो. म्हणून पारा थोडा खाली असूनही असे दिवस घोड्याला अधिक त्रासाचे असतात.

आता त्या पांढऱ्या फेसाकडे वळू. माणसाला घाम आला की फेस येत नाही, मग घोड्यालाच का येतो? घोड्याच्या अंगावर दाट केस असतात आणि ते थोडे तेलकट असतात. घामाच्या ग्रंथी असतात केसांच्या मुळाशी. तेथून निघालेले पाणी तेलकट केसांवर पसरण्याऐवजी थेंबाच्या रूपातच राहिले, तर बाष्पीभवन कसे होणार? अळूच्या पानावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा घरंगळतो, पानाला चिकटत नाही. आता त्या पाण्यात थोडा साबण विरघळवून पुन्हा थेंब टाका. या वेळी तो बराच पसरेल. घोड्याच्या घामात असाच साबणासारखे काम करणारा एक पदार्थ असतो. तो आहे एक प्रथिन. १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी ते घामातून वेगळे काढले आणि त्याला ‘लॅथरिन’ असे नाव दिले. या प्रथिनामुळे घाम केसांच्या टोकांपर्यंत पसरतो आणि लवकर वाळतो. जेथे कातडे किंवा वादी घासते, तेथे साबणाप्रमाणेच त्याचा फेस होतो. म्हणजे फेस हे काही आजाराचे लक्षण नव्हे. घोडा भरपूर घामेजला आहे, एवढेच तो सांगतो.

तहान न लागणारी तहान

घोड्याचा घाम आणखी एका बाबतीत आपल्या घामाहून वेगळा असतो, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आपला घाम खारट लागतो खरा, पण आपल्या रक्ताच्या मानाने तो बराच पातळ असतो. ग्रंथीतून बाहेर येता येता त्यातले पुष्कळसे मीठ शरीर परत शोषून घेते. घोड्याच्या शरीरात अशी काटकसर होत नाही. त्याचा घाम जवळजवळ त्याच्या रक्ताइतकाच, कधी त्याहूनही थोडा अधिक खारट असतो. लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम क्षार त्यातून निघून जातात. दहा लिटर घाम गेला तर शंभर ग्रॅम! त्यात सोडियम आणि क्लोराइड असतेच, शिवाय पोटॅशियमही बरेच असते.

याचा परिणाम काय होतो ते पाहण्यासाठी आणखी एक सोपा प्रयोग करा. दोन सारख्या वाट्यांत पिण्याचे पाणी घ्या. दोन्हींत चिमूट-चिमूट मीठ विरघळवा. पहिली वाटी पातळ फडक्याने झाकून उन्हात ठेवा आणि पाणी आटून निम्मे होऊ द्या. दुसऱ्या वाटीतले निम्मे पाणी नुसते ओतून टाका. आता दोन्हींची चव घ्या. पहिल्या वाटीतले पाणी अधिक खारट झालेले असेल. दुसरीतले मात्र पहिल्याइतकेच खारट राहिलेले असेल. पाणी निम्म्याने कमी झाले आहे, पण चवीवरून ते कळतच नाही!

आपल्या मेंदूत तहान जागवणारे एक केंद्र आहे. रक्त किती दाट, किती खारट झाले आहे याची चव ते जणू सतत घेत असते. माणसाला घाम आला की पाणी जास्त जाते आणि मीठ कमी जाते. रक्त खारट होते, पहिल्या वाटीसारखे. मेंदूला इशारा मिळतो आणि घसा कोरडा पडतो. घोड्याचे पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरच निघून जातात. त्याचे रक्त दुसऱ्या वाटीसारखे असते, प्रमाणाने घटलेले पण चवीने तेच. त्यामुळे तहानेचा इशारा उशिरा मिळतो किंवा पुरेसा मिळत नाही. शरीरातले कित्येक लिटर पाणी गेलेले असूनही घोडा बादलीत तोंड घालतो, दोन घोट पितो आणि मान फिरवतो. धनी म्हणतो, ‘त्याला तहानच नाही.’ खरे तर तहान लागायला जे मीठ हवे, तेच त्याच्यापाशी उरलेले नसते.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे, मीठ! प्रयोगांत असे दिसून आले, की दमलेल्या घोड्याला आधी किंचित खारे पाणी आणि नंतर साधे पाणी दिले, तर नुसते साधे पाणी दिलेल्या घोड्यापेक्षा तो एकूण अधिक पाणी पितो आणि त्याची तूट लवकर भरून निघते. दहा लिटरच्या बादलीत नव्वद ग्रॅम साधे मीठ घातले, की ते पाणी साधारण त्याच्या रक्ताइतके खारट होते. मात्र सगळेच घोडे खारे पाणी पीत नाहीत, त्याची सवय आधीपासून लावावी लागते. म्हणून खाऱ्या पाण्याशेजारी साध्या पाण्याची बादली ठेवलीच पाहिजे. पाणी न देता नुसते मीठ चारणे तर घातकच. ज्या घोड्याला रोज घाम येतो, त्याच्या ठाणापाशी चाटण्यासाठी सैंधवाचा खडा टांगून ठेवणेही चांगले.

जुने नियम, नवी कसोटी

आता आपण सराईच्या दाराशी परत येऊ. घोडा अजून तसाच उभा आहे. मोतद्दारांचे नियम एकेक करून पाहू.

पहिला नियम, घोड्याला फिरवा. हा नियम चांगला आहे. धावताना स्नायूंच्या आकुंचनामुळे रक्त हृदयाकडे परत ढकलले जाते. घोडा एकदम थांबला की ही मदत अचानक तुटते. संथ चालीत ती चालू राहते, स्नायूंत साठलेली उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते, आणि चालताना अंगावरून वारा खेळतो तो वेगळाच. म्हणून जाणते स्वार मुक्कामाचा शेवटचा मैल दौडत येत नाहीत, घोड्याला चालवत आणतात. उतरल्यावर प्रथम तंग सैल करावा, चार पावले चालवावे आणि मग खोगीर उतरवावे. खोगिराखालची पाठ झाकलेली असते. तेथला घाम वाळू शकत नाही, म्हणून उन्हाळ्यात खोगीर उतरवायला उशीर करू नये. पण घोडा लटपटत असेल किंवा फारच धापा टाकत असेल, तर फिरवणे थांबवून आधी त्याला सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी घ्यावे आणि पाणी ओतायला लागावे.

दुसरा नियम, अंगावर गार पाणी घालू नका. हा नियम चुकीचा ठरला आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उन्हामुळे घोड्यांचे फार हाल झाले. पुढचे, १९९६ चे ऑलिंपिक अटलांटा या उष्ण व दमट शहरात व्हायचे होते. म्हणून शास्त्रज्ञांनी आधीच काही वर्षे फिरत्या पट्ट्यावर घोडे पळवून पुष्कळ प्रयोग केले. तापलेल्या घोड्यांवर थंड पाणी ओतले तेव्हा त्यांचे स्नायू जखडले नाहीत आणि त्यांना इजाही झाली नाही. उलट, त्यांचे तापमान लवकर उतरले आणि श्वास लवकर शांत झाला. तेव्हापासून मोठ्या स्पर्धांत तापलेल्या घोड्यावर बादल्याच्या बादल्या थंड पाणी ओतण्याची पद्धत पडली.

मग जुना नियम आला कोठून? थंड प्रदेशात, किंवा आपल्याकडेही पौषातल्या पहाटे, भिजलेला घोडा वाऱ्यात उभा राहिला तर त्याला हुडहुडी भरते. तेथे पाणी टाळणे, गवताच्या बोळ्याने अंग कोरडे करणे आणि वर झूल किंवा घोंगडी टाकणे शहाणपणाचेच आहे. बाष्पीभवन उन्हाळ्यात वाचवते तसे थंडीत गारठवते. तोच नियम वैशाखात लावणे ही चूक.

पाणी ओतण्याच्या पद्धतीतही शास्त्र आहे. पाणी केवळ पायांवर नव्हे, तर मान, छाती, खांदे, पाठ, पुठ्ठे अशा मोठ्या स्नायूंवर सगळीकडे ओतावे. २५ अंशांचे एक लिटर पाणी त्वचेवर ३७ अंशांपर्यंत तापले, तर ते १२ किलोकॅलरी घेऊन जाते. घोडा एक अंशाने निववायला अशी वीसएक लिटरे तरी हवीत. प्रत्यक्षात बरेचसे पाणी पुरते तापण्याआधीच ओघळून जाते, म्हणून याहून अधिक लागते. तेव्हा एका तांब्याने भागत नाही. पूर्वी पाणी ओतून लगेच ते निपटून काढण्याची चाल होती. अंगावर राहिलेले पाणी तापून घोड्याला आणखी ऊब देते, असा समज होता. जपानमध्ये शर्यतीच्या घोड्यांवर केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्येमध्ये पाणी घालून निपटण्यापेक्षा नळाचे साधे पाणी सतत अंगावर सोडणे अधिक परिणामकारक ठरले. म्हणून घोडा तापलेला असेपर्यंत निपटण्यात वेळ घालवू नये, पाणी ओतत राहावे. तो निवल्यावर हाताच्या कडेने पाणी निपटावे. अंगावर ओले पोते पसरून ठेवणे मात्र टाळावे. ते थोड्याच वेळात तापते आणि त्याखालची हवा खेळती राहत नाही.

तिसरा नियम, घाम वाळेपर्यंत पाणी पाजू नका. हाही नियम सोडून द्यायला हवा. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोडे वाटेतच पाणी पितात आणि पुढे चालू लागतात. घोड्याला जी थोडी तहान लागलेली असते ती दौडीनंतर लगेच लागलेली असते. ती वेळ दवडली, तर मग तो पीत नाही. पाणी फार गार नको, विहिरीचे किंवा माठाचे साधे पाणी चांगले. थोडे पाजावे, थोडे फिरवावे, पुन्हा पाजावे. पाणी पुरेसे पोटात गेले नाही, तर आतड्यातला चारा कोरडा पडून अडकतो आणि घोड्याला पोटशूळ होतो. ज्या पोटदुखीच्या भीतीने पाणी तोडत, ती पाणी तोडल्यानेच होऊ शकते.

चौथा नियम, दाणा लगेच देऊ नका. हा नियम मात्र बरोबर आहे. दौडीत रक्ताचा ओघ स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळलेला असतो. जठर आणि आतडी त्या वेळी दुय्यम ठरतात. अशा वेळी हरभऱ्यासारखी जड चंदी दिली तर ती नीट पचत नाही. श्वास आणि नाडी पूर्ववत होऊन तासभर गेला की मग चंदी द्यावी. तोवर थोडे गवत द्यायला हरकत नाही.

पाचवा नियम, खरारा करा. हाही बरोबर आहे. घाम वाळला की त्यातले मीठ आणि लॅथरिन केसांत पांढरे होऊन राहते. त्यावर पुन्हा खोगीर चढले की ते कातडीला कागदी काचेसारखे घासते. पाठीवर जखम होते. म्हणून पाठ आणि तंगाची जागा धुऊन काढावी. वाळल्यावर खरारा करावा आणि खोगिराखालची गादी उन्हात वाळवावी. खोगीर उतरवल्याबरोबर पाठीकडे नीट पाहावे. सगळी पाठ ओली आणि मध्येच एखादा ठिपका कोरडा दिसला, तर तेथे खोगीर फार दाबते आहे, असे समजावे. घाम हा असा निरोपही देतो.

घोडा निवला हे कसे ओळखावे?

नुसत्या नजरेवर विसंबू नका, मोजा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ पडते. जबड्याच्या खालच्या कडेला बोट ठेवले की ती लागते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत टप्प्यावर आल्यावर ठरावीक मिनिटांत नाडी ६४ वर उतरली नाही, तर पशुवैद्य घोड्याला पुढे जाऊ देत नाहीत. श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण ८ ते १६ असतात. नाकपुड्यांची हालचाल किंवा कुशीची उघडझाप पाहून ते मोजता येतात. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. मानेच्या कातडीची चिमटी घेऊन सोडली की ती चटकन सपाट व्हायला हवी. ती उंचवट्यासारखी तशीच राहिली, तर शरीरातले पाणी बरेच कमी झाले आहे.

सर्वांत धोक्याची खूण कोणती? उन्हात काम केलेला, धापा टाकणारा, पण अंगाने कोरडा घोडा. उष्ण व दमट प्रदेशात आणलेल्या इंग्लिश घोड्यांमध्ये घाम येणेच बंद पडल्याची उदाहरणे पूर्वीपासून नोंदली गेली आहेत. असा घोडा आतल्या आत भाजत असतो. त्याच्यावर पाणी ओतणे सुरू करावे आणि ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे. घोड्याचे तापमान ४० अंशांच्या वर टिकून राहिले, तरीही हेच करावे.

तुमच्या दारातला घोडा

तुम्ही म्हणाल, आता घोडदळे गेली, सराया ओस पडल्या. फर्दापूरहून लेण्यांकडे आपण बसने जातो. मग हे ज्ञान काय कामाचे? पण घोडा आपल्यातून गेलेला नाही. माथेरानला प्रवाशांना घोडेवाले फिरवतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आणि वरातीचा घोडा तर तुमच्या गल्लीत दरसाल येतो.

या वरातीच्या घोड्याकडे यंदा नीट पाहा. वैशाख महिना आहे. पायांखाली तापलेला डांबरी रस्ता आहे. पाठीवर नवरदेव, अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत जरीची जाड झूल. तो धावत नाही हे खरे, पण तासन्‌तास वाजंत्र्यांच्या कल्लोळात उभा असतो. घाबरलेल्या घोड्यालाही घाम सुटतो, कारण त्याच्या घामाच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिनच्या इशाऱ्यावर चालतात. झुलीखाली तो घाम वाळत नाही. नाचणाऱ्यांच्या हातांत सरबताचे पेले असतात. घोड्याला मात्र कोणी विचारत नाही, आणि तो स्वतःही तहान दाखवत नाही. तो का दाखवत नाही, हे आता तुम्हांला माहीत आहे.

पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात, तर सतराव्या क्रमांकाच्या लेण्यातील सिंहलाच्या स्वारीचे चित्र अवश्य पाहा. हत्तींच्या बरोबरीने त्यात घोडेस्वारही आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या घोड्यांच्या अंगांतही हेच स्नायू होते आणि हाच खारट घाम होता. चित्रातल्या घोड्याला आपण काही देऊ शकत नाही. पण घरची वरात परतली, की घोडेवाल्या काकांना झूल उतरवायला सांगा. एक बादली त्याच्या अंगावर ओता, एक साधी आणि एक किंचित खारी बादली त्याच्या पुढ्यात ठेवा. आणि त्याने पहिल्यांदा मान फिरवली, तरी बादल्या उचलून नेऊ नका.